रशियन सावताच्या (हिब्रूत सावता म्हणजे आजी) घरी कामाला आलात? मग हे वाचा

अश्दोद, हैफा, बात याम, इस्रायलमध्ये कुठेही मेटापेलेत म्हणजे म्हाताऱ्यांची काळजी घेणारी बाई म्हणून आलात तरी घर रशियन बोलणाऱ्यांचं निघेल याची तयारी ठेवा. १९८९नंतर सोव्हिएत संघातून जवळपास दहा लाख लोक इस्रायलला आले. तेव्हा पन्नाशी-साठीत असलेले आता ऐंशी-नव्वदीत आहेत आणि हिब्रू बऱ्याच जणांना बाजारापुरतंच येतं. २०२२पासून युक्रेनच्या युद्धातून आलेल्या म्हाताऱ्यांची त्यात भर. तुम्ही हिब्रू शिकून आलात, चांगलंच आहे, पण पहिल्या रात्री कामाला येतील ते 'बोल्नो' म्हणजे दुखतंय, 'वोदा' म्हणजे पाणी आणि 'लेकार्स्त्वो' म्हणजे औषध.

यांच्यासाठी सोयी कमी नाहीत. पण मागायला यांना लाज वाटते, आणि सगळा घोळ होतो तो तिथेच.

बितुआख लेउमीची, म्हणजे सरकारी विमा संस्थेची तपासणीच बघा. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सिऊदचा, म्हणजे रोजच्या देखभालीचा भत्ता मिळतो. अंघोळ, कपडे, जेवण, घरातलं चालणं, शी-शू यांत किती मदत लागते ते बघायला बाई घरी येते. २०१८पासून या भत्त्याच्या सहा पायऱ्या आहेत. तर त्या दिवशी सावता सकाळपासून सजते. लिपस्टिक, इस्त्रीचा ब्लाउज, टेबलावर वाटीत चेरीचा मुरांबा, पाहुणी आल्यासारखा चहा. हात वर करा म्हटलं की दात-ओठ खाऊन दोन्ही हात डोक्यावर. "अंघोळ कोण घालतं?" "मीच करते." आदल्याच रात्री तुम्ही तिला तीनदा उचलून संडासला नेलेलं असतं! झालं, पायरी खाली. परदेशी माणूस ठेवायचा परवानाही अशाच तपासणीवर मिळतो, म्हणजे तुमच्या नोकरीचाही प्रश्न आला.

म्हणून आधीचा आठवडाभर वहीत लिहा: रात्री किती वाजता उठवलं, कुठे पडली, गॅस कधी चालू राहिला. डॉक्टरांचे कागद वर काढून ठेवा. मुलगा किंवा मुलगी त्या वेळी घरात हवीच, तसं आधीच सांगून ठेवा. तिच्यासमोर तिला खोटं पाडू नका; वही मुलीच्या हातात द्या, ती बोलेल.

भत्त्यातून मेटापेलेतचे तास मिळतात, तसंच डे सेंटर, डायपर, संकटात दाबायचं बटणही. डे सेंटरला मी हट्टानं पाठवायला सांगेन. "तिथे सगळे म्हातारे असतात," असं नव्वदीची बाई तोंड वाकडं करून सांगते. रशियन गट असलेलं सेंटर बघा. बुद्धिबळ, गाणी आणि राजकारणावरची भांडणं सुरू झाली की पुढच्या वेळी तीच आधी तयार होऊन बसते.

व्हीलचेअर, वॉकर विकत घ्यायला लावू नका. याद सारा ही संस्था १९७६पासून डिपॉझिट घेऊन अशा वस्तू वापरायला देते. कुपाच्या (आरोग्य विमा संस्थेच्या) दवाखान्यात रशियन बोलणारा डॉक्टर मागा, बहुतेक शहरांत मिळतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या लहानपणाच्या गोष्टी निघाल्या तर नुसतं 'हो हो' करू नका. लेनिनग्राडच्या वेढ्यात होतो असं कोणी म्हणालं, तर नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंना भरपाई मिळवून देणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेकडे अर्ज केलाय का, हे घरच्यांना विचारा. अशा ज्यूंपैकी अनेकांना मासिक पेन्शन द्यायचं २०२१ साली ठरलं. ९ मे हा यांचा विजय दिवस. त्या दिवशी कोटावर पदकं लावायला मदत करा आणि सुट्टी मागू नका.

बाकी सुट्टी हा तुमचा हक्क आहे, आठवड्याला सलग किमान २५ तास. कोणी नाकारत असेल तर काव लाओवेद या कामगारांना मदत करणाऱ्या संस्थेला फोन करा. सुट्टी शनिवारची असेल तर शुक्रवारी दुपारीच बस पकडा, नंतर बहुतेक गावांत बस बंद. अश्दोद, लोद, दिमोनाकडे जात असाल तर तिथे बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातून गेलेल्या ज्यूंच्या घरांत म्हातारी माणसं अजून मराठी बोलतात, ओळख काढून ठेवा.