पावसाळ्यात कुत्र्याचे कान जपा
लॅब्राडॉर, कॉकरसारखे लोंबत्या कानाचे कुत्रे असतील तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कान उलटून बघाच, नुसतं बघू नका, वास पण घ्या. आंबूस वास, कॉफीच्या गाळासारखा तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं नाहीतर कान खाजवणं दिसलं की समजा इन्फेक्शन सुरू झालंय. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, त्यामुळे आंघोळीचं पाणी तिथेच साचतं न् यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतं.

आंघोळ झाली की कान कोरडे करायचेच. साफ करताना डॉक्टरांनी सांगितलेलं इअर क्लीनर कानात टाकायचं, मुळाशी अर्धा मिनिट हलकं चोळायचं (पचपच आवाज येतो), मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेला मळ कापसाने पुसायचा. इअरबड नको, मळ अजून आत जातो.

आणि प्लीज, घरात उरलेले जुने ड्रॉप्स स्वतःच्या मनाने टाकू नका, पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, डॉक्टर आधी आत बघून घेतात ते त्यासाठीच. दोन दिवसांत बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. सारखंसारखं होत असेल तर अ‍ॅलर्जीबद्दल विचारा.