मानसोपचाराचे क्लिनिक निवडताना : गोळ्या आणि थेरपी दोन्ही लागणार असतील तर

नैराश्य, चिंताविकार, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होणे) किंवा बायपोलर (कधी नैराश्य, तर कधी टोकाचा उत्साह) यांसारख्या आजारांत बहुतेक रुग्ण रुग्णालयात दाखल न होता, घरी राहून आणि कामधंदा सांभाळूनच उपचार घेतात. हे उपचार दीर्घकाळ चालतात. पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यातसुद्धा बरे वाटू लागल्यावर पुढे साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर किती छान बोलले यापेक्षा, पुढचे कित्येक महिने तिथे आपल्यावर कोण आणि कसे लक्ष ठेवणार आहे, हे पाहून क्लिनिक निवडावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी पदव्या आणि नोंदणी तपासावी. गोळ्यांची बाजू मानसोपचारतज्ज्ञाने, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेल्या डॉक्टरने पाहायला हवी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी, म्हणजे संवादातून उपचार, देतात व मानसशास्त्रीय चाचण्या करतात, पण औषध लिहून देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातील एमए आणि अनेक वर्षांचा अनुभव असू शकतो, तसेच काही आठवड्यांचे प्रमाणपत्रही असू शकते. त्यामुळे शिक्षण कुठे झाले आणि अवघड केसमध्ये ते कोणाचे मार्गदर्शन घेतात, हे सरळ विचारावे. असे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

भेटीची वेळ ठरवण्यासाठी फोन कराल तेव्हा नव्या रुग्णाला किती वेळ देतात, हे विचारून घ्यावे. झोप, भूक, व्यसन, घरातील आजार, आधीचे उपचार, थायरॉइड किंवा मधुमेह, चालू असलेल्या इतर गोळ्या आणि जगणे नकोसे वाटते का, हे सगळे नीट विचारायचे तर पाऊण तास सहज लागतो. दहा मिनिटांत चार गोळ्यांची चिठ्ठी हातात पडत असेल, तर तिथे पुन्हा जाण्याआधी विचार करावा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील गर्दी पाहून मात्र लगेच नाक मुरडू नये, कारण तिथे बहुधा निवासी डॉक्टर आधी सविस्तर माहिती केसपेपरवर उतरवतात आणि मग वरिष्ठ रुग्णाला पाहतात. त्यांची अडचण वेगळी असते : निवासी डॉक्टर बदलत राहतात, त्यामुळे केसपेपर प्रत्येक वेळी सोबत नेणे फार महत्त्वाचे ठरते.

माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रश्न असा, की थेरपी देणारी व्यक्ती आणि औषध देणारे डॉक्टर एकमेकांशी बोलतात का? समजा, नैराश्यासाठी गोळी घेणारी एक मुलगी थेरपीच्या सत्रात उत्साहाने सांगते, की गेले चार दिवस ती जेमतेम तीन तास झोपते, तरी थकवा नाही, डोक्यात एकामागून एक योजना येत आहेत आणि कार्डावर भरमसाट खरेदी झाली आहे. ऐकणाऱ्याला हे बरे होणे वाटू शकते. प्रत्यक्षात ही मॅनियाची, म्हणजे आजारातल्या टोकाच्या उत्साहाची, सुरुवात असू शकते आणि तीच गोळी तशीच चालू राहिली तर परिस्थिती बिघडू शकते. ही माहिती त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत जायला हवी, महिन्याभरानंतरच्या भेटीपर्यंत थांबून चालणार नाही. दोघे एकाच छताखाली बसतात एवढ्याने हे आपोआप घडत नाही. उलट, दोन वेगळ्या ठिकाणी बसणारे परंतु एकमेकांना पत्र लिहिणारे, फोन करणारे तज्ज्ञ अधिक चांगले काम करतात. अर्थात सत्रातला शब्दन्शब्द डॉक्टरांना कळण्याची गरज नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तेव्हा काय सांगितले जाईल आणि काय नाही, हे पहिल्याच सत्रात ठरवून घ्यावे. घरची माणसे सोबत आली असली तरी डॉक्टर रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोलतात का, हेही पाहावे.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचायला शिकावे. तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, औषधाचे मूळ नाव, डोस, किती दिवस घ्यायचे आणि परत कधी यायचे, हे असायला हवे. नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ किंवा अस्वस्थता पहिल्या आठवड्यातच येते. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण नेमक्या त्याच आठवड्यात गोळी सोडतात. बायपोलरसाठी दिले जाणारे लिथियम चालू असेल तर रक्तातील त्याची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य ठरावीक काळाने तपासावेच लागते. ओलान्झापिन या मनोविकारावरील औषधात वजन आणि रक्तातील साखर पाहावी लागते. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला व्हॅल्प्रोएट (हेही बायपोलरमध्ये दिले जाते) देताना गर्भाला असलेल्या धोक्याबद्दल बोलणे टाळता येत नाही. झोपेसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम लिहिले असेल, तर ते कधी आणि कसे थांबवायचे, हे त्याच भेटीत विचारावे, कारण त्यांची सवय लागते.

थेरपीबाबतही असेच नेमके प्रश्न विचारावेत : पद्धत कोणती, ध्येय काय, साधारण किती सत्रे आणि प्रगती कशी मोजणार? सीबीटीला, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीला, बहुधा १२ ते २० सत्रे लागतात. ओसीडीसाठी भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणारी पद्धत तिथे येते का, हे मुद्दाम विचारावे. पुण्याहून बंगळूरला किंवा परदेशात गेलेल्या मराठी माणसाने, शक्य असेल तर, मराठीत ऑनलाइन थेरपीची चौकशी करावी, कारण घरातल्या भांडणाबद्दल दुसऱ्या भाषेत सांगताना बरेच काही सुटून जाते.

खर्च महिन्याचा नव्हे, वर्षाचा धरावा. परवडत नसेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, जिल्हा रुग्णालये आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था हे चांगले पर्याय आहेत. गोळ्या सरकारी रुग्णालयातून आणि थेरपी खासगीत, अशी विभागणीही करता येते. कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. तरीही अनेक पॉलिसींत बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळत नाही, म्हणून अटी वाचाव्यात.

काही ठिकाणांपासून दूरच राहावे. कायमचे बरे करण्याची हमी देणारे, नाव नसलेल्या पुड्या किंवा सुट्ट्या गोळ्या देणारे, रुग्णाला महिनोन्महिने न पाहता नातेवाइकांच्या हाती औषध देत राहणारे आणि जेवणात लपवून गोळी घालायला सांगणारे क्लिनिक कितीही प्रसिद्ध असले, तरी सोडावे.

क्लिनिक रात्री बंद असते, म्हणून तेव्हा त्रास वाढल्यास कोणाला फोन करायचा, हे लिहून घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही मोफत सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर न थांबता माणसाला एकटे न सोडता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

दोन-तीन महिन्यांत ना त्रास कमी झाला, ना कोणी उपचार बदलण्याचा विचार केला, तर दुसरे मत घ्यावे. जुन्या नोंदी मिळवण्याचा हक्क २०१७ च्या याच कायद्याने दिला आहे. त्या आणि चालू चिठ्ठी सोबत न्यावी. नव्या ठिकाणची तारीख मिळेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या जुन्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात आणि मधल्या काळात एकही गोळी स्वतःहून अचानक बंद करू नये.