ट्रामच्या कोटाची पितळी बटणं कशी जपायची

आधी एक सांगते. चिंच, आमसूल, राख, भांड्यांची पावडर, यातलं काहीही या बटणांना लावू नका. समईला ते चालतं. बटणावरची अक्षरं ठशानं जेमतेम उठवलेली असतात, घासून घासून सपाट होतात. आणि आंबटानं पितळेतलं जस्त निघून जातं, बटण तांबूस पडतं.

मी देवगडात शिवणकाम करते. मुंबईच्या ट्रामवर नोकरी केलेल्या चाकरमान्यांचे कोट माळ्यावरच्या ट्रंकांतून माझ्याकडे येतात. माझे आजोबाही ट्रामवर कंडक्टर होते.

बटण काढायला कात्री घेऊ नका. कोट उलटा करून आतून बघा. गणवेशाची बटणं पुष्कळदा शिवलेली नसतातच. मागची कडी कापडाच्या भोकातून आत येते आणि तिच्यात तारेची दुपदरी रिंग अडकवलेली असते, किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी. कोट धुवायला टाकताना बटणं काढता यावीत म्हणून ही सोय. रिंग गंजली असेल तर चिमट्यात धरून सावकाश फिरवा, ओढलीत तर कापड फाटेल. बटणाला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंडी पत्रा आहे, वर नुसता मुलामा.

मग भिंगातून दोन्ही बाजू वाचा. पाठीवर कधी बनवणाऱ्याचं नाव सापडतं. पुढच्या बाजूला बेस्टचं, म्हणजे मुंबईत ट्राम चालवणाऱ्या कंपनीचं, पूर्ण नाव असून त्यात 'ट्रामवेज' असेल, तर घडण ७ ऑगस्ट १९४७ च्या आधीची. त्या दिवशी महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतली, पुढे नावात 'ट्रान्सपोर्ट' आलं. त्यावरून कोटाचं साल मात्र ठरवू नका, जुनं बटण नव्या कोटावर चढवता येतं. ट्राम तर ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत होती.

तपकिरी काळपटपणा राहू द्या, त्याखाली धातू धड असतो. हिरवी भुकटी मात्र काढाच, आपल्या खाऱ्या हवेत ती पितळ खात जाते. बांबूची काडी टोकदार करून कोरडीच अक्षरांच्या कडेनं फिरवा, मग ओलसर सुती चिंधीनं पुसा. बटण पाण्यात बुडवू नका. बरीचशी बटणं दोन पत्र्यांची, आतून पोकळ असतात, आत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. लखलखीत करून मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

हे सगळं मृगाच्या आधी उरका. बटणं सुटी सुटी सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकानं पितळ काळं पडतं. रिंगा वेगळ्या पुडीत ठेवा, आणि कुठलं बटण कुठून काढलं ते त्याच्याच कापडात चिठ्ठी घालून पेन्सिलीनं लिहा. शाई ओलीनं पसरते.