जिप्सीची रेस वरखाली होते? स्टॉप स्क्रूला हात लावू नका

पेंचच्या सिल्लारी गेटवर किंवा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या रांगेत उभी असलेली जुनी मारुती जिप्सी आवाजावरूनच ओळखू येते. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी रेस वर जाते, धपकन खाली येते, परत वर जाते. गॅरेजच्या भाषेत ‘हंटिंग’. यावर प्लग बदला, पेट्रोल पंप बदला, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असे सल्ले मिळतात. त्यातला बहुतेक खर्च वाया जातो.

इथे लिहिलंय ते 2000 पासूनच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीबद्दल, म्हणजे 1.3 लिटरच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाबद्दल. कार्बोरेटरच्या गाडीचं दुखणं वेगळं असतं, तिला हा उतारा लागू नाही.

आधी आवाज नीट ऐका. इंजिन अनियमित थरथरत असेल, मध्येच ठोका चुकत असेल तर तो मिसफायर. तिथे प्लग, कॉइल, वायर बघा. पण रेस ठरावीक तालात वरखाली होत असेल तर थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असताना कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय. जास्त हवा, म्हणून ईसीयू पेट्रोलही जास्त देतो आणि रेस दीड हजारावर चढते. थ्रॉटल सेन्सर मात्र ‘पाय वर आहे’, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला आहे, असं सांगत असतो. मग ईसीयूला वाटतं गाडी उतारावर गिअरमध्ये घरंगळतेय, आणि तो पेट्रोल तोडतो. रेस पडते, तो पेट्रोल परत सुरू करतो, रेस चढते. ईसीयू त्याचं काम चोख करतोय. चोर हवा आहे.

कूलंट

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघा. काठोकाठ हवी. पातळी कमी असली की तापमानाच्या सेन्सरपाशी हवेचा बुडबुडा अडकतो. इंजिन गार आहे असं समजून ईसीयू रेस वाढवत राहतो. नळाचं पाणी भरू नका, गंजाचा गाळ याच बारीक वाटांत बसतो. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा आणि हीटर असेल तर पूर्ण गरमवर.

सेन्सरही इथेच मोजून टाका. सॉकेट काढून मल्टीमीटर लावा. मे महिन्यात नागपुरात सकाळचं ‘थंड’ इंजिनसुद्धा तीस अंशांच्या वर असतं, त्यामुळे 20 अंशांचा आकडा शोधत बसू नका. 40 अंशांच्या आसपास साधारण 1100 ते 1200 ओहम आणि 80 अंशांना 300 च्या जवळपास यायला हवेत. गरम इंजिनवर हजार दिसत असतील तर सेन्सर बदला.

हवा कुठून येते

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. पंखा पट्ट्यावर चालतो, इंजिन सुरू आहे तोवर तो फिरणारच. उन्हासाठी गळ्यात घेतलेला दुपट्टा आधी काढून ठेवा.

इंजिन पूर्ण गरम झालं की एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी थ्रॉटल बॉडीवरून काढा. या इंजिनात हवा मोजणारा मीटर नाही, मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेचा, दाब मोजणारा सेन्सर आहे. म्हणून नळी काढली तरी इंजिन चालत राहतं. नळीवर हवेच्या तापमानाचा सेन्सर असेल तर त्याचं सॉकेट जोडलेलंच ठेवा. आता थ्रॉटलच्या तोंडात बघा. गोल झडपेच्या अलीकडे भिंतीत एक भोक दिसेल. आयडलची, म्हणजे पाय न लावता इंजिन चालतं तेव्हाची, हवा त्यातून आयएसीकडे, म्हणजे ती हवा कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हकडे, जाते. ते बोटाने बंद करा.

हंटिंग थांबलं किंवा इंजिन बंद पडायला आलं तर जास्तीची हवा आयएसीतून येतेय. फरकच पडला नाही तर गळती दुसरीकडे आहे. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी न करता नवीन आयएसी आणणारा माणूस पैशाने मोठा असावा.

गळती दुसरीकडे असेल तर रबरी नळ्या एकेक करून दाबा. पक्कडीच्या जबड्याला चिंधी गुंडाळा म्हणजे नळी कापणार नाही. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधला वायू परत ओढणारी) नळी, कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याकडे) जाणारी बारीक नळी. जी दाबल्यावर रेस बसते, ती किंवा तिच्या पलीकडचा भाग गुन्हेगार. पीसीव्हीची नळी वळणावर खालच्या बाजूने चिरते आणि वरून अगदी नवी दिसते, म्हणून तिथे बोट फिरवून बघा. आपल्याकडचा उन्हाळा 45 अंशांचा, त्यात बॉनेटखालची भट्टी. जुनं रबर लाकडासारखं कडक होतं. अशी नळी दाबू नका, तुटेल. ती काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बुजवून बघा.

नळ्या साफ सुटल्या तर थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि इंजेक्टरच्या बुडाची रबरी रिंग उरते. तिथे स्प्रे बाटलीतून साधं पाणी मारा. रेसचा आवाज बदलला ती जागा फाटकी. कार्ब क्लीनरने हे लवकर कळतं, हे खरं. पण गरम एक्झॉस्टच्या शेजारी पेटणारा फवारा मारणं हा मूर्खपणा आहे. पेट्रोलच्या लाइनजवळ उदबत्ती फिरवणं त्याहून मोठा.

स्टॉप स्क्रू

थ्रॉटलच्या लिव्हरला टेकलेला छोटा स्क्रू आणि त्याची नट, बहुतेकदा रंगाने सील केलेली. सगळं बिघडतं ते इथे.

मेकॅनिक तो थोडा आत घेतो आणि हंटिंग लगेच थांबतं. सगळे खूश. झालेलं असतं इतकंच की झडप जराशी उघडी राहिली, ‘पाय वर आहे’ हा निरोप जाणं बंद झालं आणि ईसीयूने पेट्रोल तोडणं सोडलं. गळती तशीच आहे. आता रेस कायम चढलेली राहते, उतारावर इंजिनाचा ब्रेक लागत नाही आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला क्लच सोडताच गाडी पुढे सरकते. उलट, स्क्रू बाहेर घेतला तर झडप भिंतीत रुतते, खाच पडते आणि पुढे ॲक्सिलरेटर अडकायला लागतो.

सील तुटलेलं दिसलं तर आधी केबलला ढील आहे का बघा. मग स्क्रू पूर्ण मागे घ्या, झडप बंद होऊ द्या, स्क्रू लिव्हरला नुसता टेकवा आणि तिथून पाव फेरा आत. झडप हाताने उघडून सोडल्यावर अडकता कामा नये. नट आवळा. इग्निशन चालू ठेवून थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नल वायरवर व्होल्टेज बघा. झडप बंद असताना अर्धा ते एक व्होल्ट, आणि उघडताना आकडा उडी न मारता चढायला हवा. सेन्सरचे स्क्रू लांबट भोकांत असतील तर तो किंचित फिरवून बसवता येतो.

सफाई

थ्रॉटल बॉडी काढूनच करा. तिला कूलंटचे दोन पाईप असतात, सांडलेलं नंतर भरून काढायचं. आयएसी आणि थ्रॉटल सेन्सर आधी वेगळे करा, क्लीनर त्यांच्या वायरिंगच्या बाजूला जाऊ देऊ नका. झडपेच्या कडेची काळी साय जुन्या टूथब्रशने निघते, सँडपेपर नको. आयएसीचं टोक बोटाने ढकलायचं नाही, ओढायचंही नाही. नवीन पॅकिंग आणि नवी रिंग घाला, जुन्यावर सिलिकॉन फासू नका. त्याचे तुकडे आत जातात.

सफाईनंतरही आयएसी उघडाच राहत असेल तर तो बदला. पण वरची सेन्सरची मापं बरोबर असतील तरच. ईसीयूच चुकीचा हुकूम देत असेल तर नवा व्हॉल्व्हही तेच करणार.

शेवटी बॅटरीची निगेटिव्ह केबल पाचेक मिनिटं काढून ठेवा. परत जोडून गाडी सुरू करा आणि ॲक्सिलरेटरला हात-पाय न लावता इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. रेस 800 च्या आसपास बसली पाहिजे. मग हेडलाइट लावा. आयडल किंचित दबून लगेच सावरलं तर आयएसी काम करतोय. दबून तसंच राहिलं तर त्याचं सॉकेट नीट बसलं नाही, तिथून परत सुरुवात करा.