एए सभेला पहिल्यांदा जाताना

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट. त्याच्या सभेची वेळ फोन करून पक्की केल्याशिवाय घरातून निघू नका. जुन्या यादीवर विसंबून गेलात आणि दाराला कुलूप दिसलं, की माणूस पुन्हा जात नाही. आपल्या भागातली सभा माहीत नसेल, तर १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा रत्नागिरी, ओरोस, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. सभा ‘खुली’ की ‘बंद’ हेही विचारून घ्या. बंद सभेत फक्त दारू सोडू इच्छिणारेच बसतात; बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर खुलीच निवडा.

सभा साधारण तास-दीड तास चालते, म्हणून परतीची शेवटची एसटी आधी बघा. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. गावात ‘कोणी बघेल’ ही भीती खरीच असते. तसं असेल तर शेजारच्या तालुक्यातली सभा गाठा. पावसाळ्यात घाट किंवा रस्ता बंद पडला तर ऑनलाइन सभा चालते. शिमगा आणि गणपतीच्या दिवसांत, चाकरमानी आले की बाटल्या निघतात. त्या आठवड्यात एक सभा जास्त करा.

एक धोका मात्र सभेच्या आवाक्याबाहेरचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. हात थरथरू लागले तर आधी डॉक्टर, मग सभा.