कामाच्या ठिकाणचा घोळ कळवायचा कसा आणि कुठे

"स्टोअरमध्ये खूप घोळ चालतो" असं लिहिलं की तक्रार तिथेच झोपते. "12 मार्चच्या चलनावर सिमेंटची 40 पोती, त्याच दिवशी गेटच्या रजिस्टरमध्ये 28" असं लिहा, म्हणजे साहेबाला रजिस्टर मागवावंच लागतं. म्हणून आधी तारीखवार टिपण करा. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कानावर आलेलं वेगळं. कंपनीच्या फायली घरी नेऊ नका, उलट चोरीचा आळ तुमच्यावरच यायचा. बिल नंबर टिपला तरी पुरे. आणि हे टिपण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तर नकोच.

मग पत्ता ठरवा. बहुतेक तक्रारी इथेच वाट चुकतात.

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्यातली तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, किंवा तिचं बँककर्ज 50 कोटींच्या वर असेल, तर कंपनी कायदा 2013 नुसार तिच्याकडे 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरप्रकार कळवायची व्यवस्था, हवंच. वेबसाइटवर धोरण शोधा. खुद्द मॅनेजरच गुंतला असेल तर थेट ऑडिट कमिटीच्या (संचालकांची हिशेबांवर नजर ठेवणारी समिती) अध्यक्षांना लिहिता येतं.

वेकोलि (कोळसा), मॉइल (मँगनीज) अशा सरकारी कंपनीत किंवा रेल्वेत असाल तर केंद्रीय दक्षता आयोग. बंद पाकिटावर 'पीआयडीपीआय' (गैरप्रकार कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारी व्यवस्था) लिहा, पण नाव-पत्ता पाकिटावर नको, आतल्या पत्रात हवा. निनावी पत्र या व्यवस्थेत घेत नाहीत. हा काटेकोरपणा उगाच नाही. महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहिताना नाव गुप्त ठेवा म्हटलं होतं. तरी ते फायलींतून फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांचा खून झाला, 2004 मध्ये ही व्यवस्था आली. तक्रारदारांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा मंजूर होऊनही लागू झालेला नाही, त्यामुळे गुप्तता आधी स्वतःच पाळा. चहाटपरीवर एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या डिपार्टमेंटला कळतं.

राज्य सरकारी ऑफिसात कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा, तेही पैसे देण्याआधी. सापळा तेव्हाच लावता येतो. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे. पगारातून पीएफ कापला पण भरला नाही, तर पासबुक बघून थेट पीएफ कार्यालय.

तक्रारीची प्रत घरी ठेवा. नंतर अचानक बदली किंवा मेमो आला तर तोंडी वाद घालू नका. लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या.