स्नोमोबाइलचं गिअरिंग बदलण्याआधी मार्करची एक रेघ

टॉप स्पीड कमी पडतो म्हणून लोक थेट मोठा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मागवतात. पण क्लचच पूर्ण शिफ्ट होत नसेल, म्हणजे त्याच्या दोन चकत्यांमधला बेल्ट पार कडेपर्यंत चढत नसेल, तर तो खर्च फुकट जातो. आधी एवढं बघा:

१. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, इंजिनाकडच्या क्लचच्या स्थिर चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने सरळ रेघ ओढा.

२. बेल्ट तापेपर्यंत गाडी हळू चालवा. मग मोकळ्या, सपाट जागी फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कुठे स्थिरावतो ते लक्षात ठेवा.

३. इंजिन बंद करून क्लचवरचं गार्ड (झाकण) उघडा आणि रेघ पाहा. बेल्ट जिथवर चढला, तिथवर शाई पुसलेली असते.

शाई पार कडेपर्यंत पुसली आणि आरपीएम कंपनीने दिलेल्या आकड्याच्या वर गेला, तरच गिअरिंग वाढवा. चेनकेसमधल्या (चेनच्या बंद पेटीतल्या) वरच्या स्प्रॉकेटला २२ ऐवजी २३ दात म्हणजे साधारण ४.५ टक्के फरक; एका वेळी एकच दात पुरे. चेनचा ताण मात्र पुन्हा लावावा लागतो, आणि दात बरेच वाढवले तर चेनही लांब लागते.

कडेला शाई उरली आणि आरपीएम जास्त असेल, तर क्लचमधली वजनं थोडी जड करा. आरपीएम कमी असेल तर इंजिन ओढत नाहीये. अशा वेळी मोठं गिअरिंग लावून वेग उलट घटतो. (जीर्ण बेल्टवर ही चाचणी करण्यात काही अर्थ नाही.)

गार्ड काढून इंजिन अजिबात चालवू नका. तुटलेला बेल्ट गोळीसारखा सुटतो.